फिश टँकवरील एलईडी दिवा मंद कसा करावा?

या पानावर सूत, कापड, रंग आणि बाजारभाव यांविषयीच बहुधा लिहिले जाते. आज विषय जरा निराळा आहे. तो फिश टँकच्या दिव्याचा आहे. परंतु हा दिवा बनवणारा आपल्यातलाच कोणी मिस्त्री असतो, पेटी चिकटवणारा काचकाम करणारा असतो आणि विकत घेणारा माझ्यासारखा दुकानदार असतो. या तिघांच्या मध्ये जे नुकसान होते त्याचा तजुर्बा मला स्वतःच्या खिशातून घ्यावा लागला, म्हणून लिहीत आहे.

माझ्या घरी बैठकीत तीन फुटी काचेची पेटी आहे. लांबी तीन फूट, रुंदी सव्वा फूट, उंची दीड फूट. रेती आणि दगड वजा जाता सुमारे १३० लिटर पाणी बसते. बरीच वर्षे तिच्यावर दोन साध्या ट्यूब होत्या आणि सगळे ठीक चालले होते. २०२२ च्या पावसाळ्यात पुतण्याने हौसेने नवा दिवा करवून आणला. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर तीन-तीन वॅटचे २४ एलईडी, बारा-बाराच्या दोन माळा, प्रत्येक माळेला एक ड्रायव्हर. बटण दाबताच पेटीत भर दुपार झाली. घरातील सर्व मंडळी खूश झाली. मासे मात्र खूश झाले नाहीत. ते दगडामागे जाऊन बसले. चौथ्या दिवशी पहाटे अंधारात कोणी तरी एकदम दिवा लावला, तेव्हा एक झेब्रा डॅनिओ उडी मारून बाहेर पडला आणि फरशीवर मेला. दोन आठवड्यांत काचेवर हिरवा थर आला आणि अनुबियासच्या पानांवर काळसर शेवाळ चिकटले. तीन वर्षे जपलेली रोपे खराब झाली.

कारण साधे आहे. वनस्पतीला प्रकाश लागतो, तसाच कार्बन डायऑक्साइड आणि खतही लागते. प्रकाश एकदम वाढवला आणि बाकीचे तेवढेच ठेवले, तर रोपाला तो जास्तीचा प्रकाश पचत नाही. शेवाळाचे भागते थोडक्यात, म्हणून ते पुढे निघून जाते. माशाचे दुखणे वेगळे. बहुतेक माशांना आपल्यासारखी पापणी नसते, आणि बुबुळही आपल्यासारखे झटपट आवळत नाही. अंधारातून उजेडात येताना त्याच्या डोळ्याच्या पडद्यातील पेशी प्रत्यक्ष जागा बदलतात आणि या कामाला मिनिटे लागतात, कधी अर्धा तासही. आपण बटण दाबतो एका क्षणात.

तेव्हा दिवा मंद करणे आवश्यक झाले. आणि येथे मी चूक केली.

आपल्या पिढीला दिवा मंद करणे म्हणजे रेग्युलेटर एवढेच ठाऊक आहे. पंखा कमी करायचा तोच गोल खटका पिवळ्या बल्बलाही चालत असे. मी दुकानातला पडून असलेला एक रेग्युलेटर दिव्याच्या वायरीत बसवला. अर्ध्यापर्यंत फिरवला तरी दिवा तसाच. त्यापुढे फिरवला तर तो लुकलुकू लागला, ड्रायव्हरमधून भुणभुण आवाज येऊ लागला आणि आठव्या दिवशी एक माळ बंद पडली. लूमचे पॅनेल दुरुस्त करणारा एक तरुण मिस्त्री आमच्याकडे येतो, त्याला बोलावले. त्याने उघडून पाहिले आणि म्हणाला, "चाचा, एलईडी जळलेले नाहीत, ड्रायव्हर जळला आहे. तुम्ही त्याला श्वासच घेऊ दिला नाही."

त्याच्या या एका वाक्यात बरेच काही आहे, ते उलगडून सांगतो.

जुना बल्ब म्हणजे एक तापलेली तार. व्होल्टेज कमी केले की तार कमी तापते, उजेड कमी होतो. एलईडीचा स्वभाव तसा नाही. पांढऱ्या एलईडीला ठरावीक व्होल्टेज मिळेपर्यंत तो जवळजवळ काहीच करंट घेत नाही, आणि तीन व्होल्टच्या आसपास पोहोचला की एकदम घेऊ लागतो. तेथून पुढे व्होल्टेज दहाव्या हिश्श्याने वाढले तर करंट दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होतो. त्यात भर म्हणजे एलईडी तापला की तेवढ्याच व्होल्टेजला आणखी जास्त करंट घेतो, जास्त करंटने आणखी तापतो, आणि असा वाढत जाऊन शेवटी जळतो. आपल्या लोकांना हे ताण्याच्या उदाहरणाने समजेल. बीमवरचा ताण जरासा वाढला तर सूत थोडे थोडे करून लांबत नाही, ते तुटते. म्हणून आपण ताण धरून ठेवतो. एलईडीत धरून ठेवायची वस्तू म्हणजे करंट. एक वॅटच्या एलईडीला साधारण ३५० मिलीअँपिअर, तीन वॅटच्या एलईडीला बहुधा ७००. हा करंट धरून ठेवणारा मुनीम म्हणजे ड्रायव्हर. मागून व्होल्टेज कमी येवो की जास्त, तो पुढे ७०० च मोजून देतो.

आता अशा मुनीमाच्या मागे रेग्युलेटर लावला तर काय होईल? रेग्युलेटर विजेच्या प्रत्येक लाटेचा एक तुकडा कापून टाकतो. ड्रायव्हरला वाटते की आवक घटली, तरी माळेला ७०० द्यायचेच आहेत. मग तो उरलेल्या तुकड्यातून मोठे मोठे घोट घेतो, आतील कपॅसिटरवर मार बसतो, तो तापतो आणि मरतो. अर्ध्यापर्यंत उजेड कमी झाला नाही त्याचे कारण हेच. मुनीम आपले काम इमानदारीने करत होता आणि मी त्याचा गळा दाबत होतो. काही ड्रायव्हर रेग्युलेटरवर चालण्यासाठी खास बनवलेले असतात आणि तसे त्यांच्यावर लिहिलेले असते. लिहिलेले नसेल तर लावू नये.

म्हणजे मूळ मुद्दा एवढाच, की एलईडी मंद करायचा तर ड्रायव्हरला सांगून करायचा. त्याच्या मागची वीज कापून होत नाही.

खर्चाचे उपाय सांगण्याआधी फुकटचे सांगतो, कारण अनेकांचे काम तेवढ्यावरच भागेल. दिवा टांगलेला असेल तर वर घ्या. पाण्यापासून अर्ध्या फुटावर असलेला दिवा एक फुटावर नेला तर पेटीतील प्रकाश बराच उतरतो. उजेड बाहेर सांडतो, बैठकीत डोळ्यांवर येतो, हा त्यातला ऐब. दुसरे, दिवा रोज किती तास चालतो ते मोजा. आमच्याकडे तो सकाळपासून रात्री जेवणापर्यंत चालू असे. रोपांच्या पेटीला सहा ते आठ तास पुरतात. पाच-सातशे रुपयांचा टायमर हे काम करतो. तिसरे, दोन माळा असतील तर एकच लावा. मी ड्रायव्हर जळल्यावर दीड महिना तसेच चालवले आणि शेवाळ निम्मे हटले. परंतु एकदम लागण्या-विझण्याचा धक्का या तिन्ही उपायांनी जात नाही.

आता खरा उपाय. त्याच्या दोन वाटा आहेत.

पहिली वाट सोपी आहे. बाजारात असे ड्रायव्हर मिळतात ज्यांना विजेच्या आणि एलईडीच्या वायरींखेरीज आणखी दोन बारीक वायरी असतात. त्या वायरींवर १ ते १० व्होल्टचा इशारा दिला की ड्रायव्हर तेवढ्या हिश्श्याने करंट कमी करतो. १० व्होल्टला पूर्ण, ५ ला अर्धा, १ ला दहावा हिस्सा. यातील अनेक ड्रायव्हरांना इशाऱ्यासाठी वेगळी वीजही लागत नाही. दोन वायरींमध्ये १०० किलोओहमचा फिरता रेझिस्टन्स, म्हणजे जुन्या रेडिओच्या आवाजाचा असतो तसा नॉब, जोडला की झाले. एकाच नॉबवर दोन ड्रायव्हर चालवायचे असतील तर ५० किलोओहमचा नॉब घ्यावा. एक गोष्ट ध्यानात ठेवावी, बारीक वायर तुटली किंवा सुटली तर दिवा विझत नाही, तो पूर्ण पेटतो. शिवाय या वाटेने दिवा पूर्ण शून्यावर जातोच असे नाही. बहुतेक ड्रायव्हर दहा टक्क्यांवर थांबतात, त्याखाली मेन बटणच बंद करावे लागते.

दुसरी वाट मी स्वीकारली. यात घरची वीज आधी एका एसएमपीएसमध्ये जाऊन ४८ व्होल्टची सरळ वीज होते. तिच्यापुढे प्रत्येक माळेला एक छोटा ड्रायव्हर, जो व्होल्टेज उतरवतो आणि करंट धरतो. तैवानच्या मीन वेल कंपनीचा एलडीडी ७०० एच हा या जातीचा एक प्रसिद्ध नग आहे, काडेपेटीहून लहान. हिशेब असा करावा. एक एलईडी सुमारे ३.२ व्होल्ट घेतो, बारांची माळ ३८ च्या थोडे वर. असा ड्रायव्हर फक्त उतरवू शकतो, चढवू शकत नाही, म्हणून मागचे व्होल्टेज माळेपेक्षा किमान तीन-चार व्होल्टने जास्त हवे. ४८ त्यात आरामात बसते, २४ चालणार नाही. ३८ व्होल्ट गुणिले ०.७ अँपिअर म्हणजे एका माळेला सुमारे २७ वॅट, दोन्ही मिळून ५४. एसएमपीएस नेमका तेवढाच घेऊ नये. मी ४८ व्होल्ट २ अँपिअरचा घेतला, तो गरम होत नाही.

या ड्रायव्हरला एक इशाऱ्याची वायर असते. तिच्यावर ५ व्होल्टचा इशारा चालू-बंद, चालू-बंद असा भराभर द्यायचा, सेकंदाला काहीशे वेळा. दहा भागांत चार भाग चालू आणि सहा भाग बंद ठेवला तर उजेड चाळीस टक्के. जेव्हा चालू असतो तेव्हा एलईडीला पूर्ण ७०० च मिळतात, फक्त वेळ कमी मिळतो. याचा एक फायदा कापडवाल्यांच्या ध्यानात लगेच येईल. पांढरा एलईडी मुळात निळा असतो आणि त्यावर पिवळ्या पावडरीचा थर देऊन पांढरा केलेला असतो. (निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल मिळाले.) करंट घटवून मंद केला तर त्याची शेड किंचित सरकते. वेळ घटवून मंद केला तर शेड जवळपास तीच राहते. माशांना याचे काही वाटत नाही. पण गिऱ्हाईक थान घेऊन दुकानाच्या दारात उन्हात का जाते हे ज्याला ठाऊक आहे, त्याने आपल्या शोरूमचे दिवे मंद करताना ही गोष्ट विसरू नये.

चालू-बंदचा वेग मात्र कमी ठेवू नये. सेकंदाला शंभर वेळा लुकलुकणारा दिवा डोळ्यांना स्थिर दिसतो, तरी पुष्कळांचे डोके दुखते. मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर दिवा लुकलुकतो आहे असे समजावे. लूमवाल्यांना हे जुनेच आहे. साध्या चोकच्या ट्यूबखाली फिरते चाक कधी कधी थांबल्यासारखे किंवा उलटे फिरल्यासारखे दिसते, आणि त्याच फसवणुकीत कारागिराचा हात जातो. फिश टँकवर हात जाण्याचा प्रश्न नाही, परंतु हाच मंद करणारा नग कोणी स्वस्तात म्हणून लूमच्या शेडमध्ये लावू पाहील, त्याच्यासाठी हे लिहिले. यंत्रावरचा दिवा असा मंद करू नये. एलडीडी जातीचा ड्रायव्हर सेकंदाला १०० ते १००० वेळांपर्यंतचा इशारा घेतो, आणि मी तो पाचशेच्या आसपास ठेवला आहे. इशारा द्यायला आर्डुइनो नावाची छोटी पट्टी मिळते, तिचा मूळ वेगच बहुतेक पिनांवर ४९० असतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात हा सर्व माल मिळतो. प्रोग्राम पुतण्याने टाकून दिला, मला त्यातले कळत नाही आणि कळण्याची गरजही पडली नाही.

एक चूक बऱ्याच मिस्त्री लोकांकडून होते. बारा व्होल्टच्या एलईडी पट्टीसाठी जो स्वस्त डिमर मिळतो, तो ते ड्रायव्हर आणि माळ यांच्या मध्ये बसवतात. पट्टीच्या आत बारीक रेझिस्टन्स असतात, तेथे तो डिमर ठीक आहे. करंट धरणाऱ्या ड्रायव्हरच्या पुढे तो लावला, तर डिमर बंद असतानाच्या क्षणी ड्रायव्हरला माळ सापडत नाही, तो आपले व्होल्टेज वर चढवतो, आणि डिमर चालू होताच ते सर्व एकदम एलईडीवर कोसळते. दोन-चार महिने चालते, मग एकेक एलईडी जातो. गिऱ्हाईक म्हणते माल खराब होता.

गरमीबद्दल दोन शब्द. एलईडी थंड असतो हा गैरसमज आहे. त्याला दिलेल्या विजेचा निम्म्याच्या आसपास भाग उष्णतेतच जातो, फक्त ती उजेडासोबत समोर न येता पाठीमागे ॲल्युमिनियममध्ये जाते. म्हणून पट्टी जाड हवी आणि प्रत्येक एलईडीखाली थर्मल पेस्टचा पातळ थर हवा. जास्त लावले की चांगले असे नाही, जास्त पेस्ट उष्णता अडवते. मंद चालवण्याने येथेही फायदा होतो. चाळीस टक्क्यांवर माझी पट्टी हाताला जेमतेम कोमट लागते, पूर्णवर तिच्यावर हात ठरत नव्हता.

पाण्याची आणि विजेची सोबत आहे, तेव्हा एसएमपीएस पेटीच्या वर किंवा खाली कधीही ठेवू नये, बाजूला भिंतीवर ठेवावा. वायर प्लगकडे जाताना आधी खाली झोळ घेऊन मग वर जावी, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी झोळात टपकेल, प्लगमध्ये जाणार नाही. घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर फिश टँक घेण्याआधी तो बसवावा. दिव्यापेक्षा तो महत्त्वाचा आहे.

आता किती मंद करावे, हा प्रश्न. येथे डोळ्यावर विसंबू नका. खऱ्या उजेडाचा अंदाजे पाचवा हिस्सा उरला तरी डोळ्याला तो निम्मा वाटतो. मी प्रथम डोळ्याने "निम्मा" केला, तो प्रत्यक्षात वीस टक्के निघाला आणि मागची वॅलिसनेरिया पिवळी पडू लागली. मग पंचवीस टक्क्यांपासून सुरू करून दर आठवड्याला पाच टक्के वाढवले. चाळीसवर रोपे नवी पाने देऊ लागली आणि काचेवर हिरवा थर येईना. पन्नासला थर पुन्हा आला, म्हणून परत चाळीस. दुसऱ्याच्या पेटीत हा आकडा वेगळा निघेल. सकाळी दिवा शून्यापासून अर्ध्या तासात चढतो, रात्री तसाच उतरतो. रात्री निळा चांदण्याचा दिवा लावण्याची फॅशन आहे, मी लावत नाही. माशांनाही अंधार हवा असतो.

शेवटी व्यापाराची एक गोष्ट. आपण कापडाच्या बिलावर पन्ना लिहितो, मीटर लिहितो, रीड-पीक विचारले तर सांगतो. दिव्याच्या डब्यावर मात्र मनाला येईल तो आकडा छापलेला असतो. अशाच एका दिव्यावर १०० वॅट लिहिले होते, प्लगमध्ये वॅटमीटर लावून पाहिले तर ३१ निघाले. विकणाऱ्याने सांगितले, आत शंभर वॅटचे एलईडी आहेत, आम्ही ते कमी करंटवर चालवतो. कमी करंटवर चालवणे वाईट नाही, उलट माल जास्त टिकतो. मग तसे बिलावर लिहावे. जे मिस्त्री असे दिवे बनवून विकतात त्यांनी बिलावर चार गोष्टी लिहाव्यात: माळेत किती एलईडी, किती मिलीअँपिअर, ड्रायव्हर मंद होणारा आहे की नाही, आणि असल्यास रेग्युलेटरने, नॉबने की चालू-बंदच्या इशाऱ्याने. पुतण्याने आणलेल्या दिव्याच्या बिलावर यातले काहीही नव्हते, फक्त "एलईडी लाइट, १ नग" आणि रक्कम. एवढी एक ओळ असती तर मी रेग्युलेटर लावला नसता.

जुना ड्रायव्हर, नवे दोन, एसएमपीएस आणि मिस्त्रीची मजुरी धरून मूळ दिव्याच्या निम्मा खर्च मला पुन्हा आला. मिस्त्रीने त्यानंतर आमच्याच मोहल्ल्यात तीन दिवे असे दुरुस्त केले. तिन्ही ठिकाणी कोणी ना कोणी रेग्युलेटर लावलेला होता.